तळघरातील तिसरी खुर्ची

रविवारची उपासना आटोपल्यावर आमच्या चर्चच्या तळघरात बारा खुर्च्या एका रांगेत मांडण्यात आल्या. त्यांच्यापुढील लांब टेबल हे गावातल्या त्या दुकानाचे काउंटर समजायचे होते, जिथे काळ्या माणसाला साबण विकत मिळतो, परंतु बसून कॉफी पिता येत नाही. सोमवारी सकाळी आमची मुले तिथे जाऊन बसणार होती. आज त्याची तालीम होती. तालमीत जो हात उचलील किंवा उलटून बोलेल, त्याला उद्या न्यायचे नाही, असा नियम होता.

माझी कन्या व्हर्नेल तिसऱ्या खुर्चीवर बसली होती. वय वर्षे एकोणीस. तिच्यावाचून मला या जगात दुसरे कोणी नाही. ती या परीक्षेत नापास व्हावी, अशी प्रार्थना मी तासाभरापूर्वीच वर बसून केली होती, हे मी लपवीत नाही.

तालीम घेणारे तरुण पाद्री टब्ज मला म्हणाले, “ब्रदर अमोस, गोऱ्यांचं सोंग कोणाला तरी द्यायला हवं. ही पोरं एकमेकांना शिव्या देताना हसत सुटतात.”

“मी घेतो,” मी म्हणालो.

कोर्टाच्या फरश्या मी बावीस वर्षे पुसत आलो आहे. त्या लोकांची भाषा मला मुखोद्गत आहे.

“काय रे, वाट चुकलास?” पहिल्या मुलाची खुर्ची हलवीत मी विचारले. “उष्टंखरकटं मागच्या दाराशी मिळतं.”

“अमोसकाका, शेरीफ फिका पडेल तुमच्यापुढे,” मागून कोणीतरी म्हणाले व थोडा हशा पिकला.

मग मी व्हर्नेलपाशी आलो. तिच्या तोंडावर सिगारेटचा धूर सोडला. केस ओढले. गार कॉफी तिच्या खांद्यावर ओतली. समोर उघडलेल्या पुस्तकातून तिने डोळे वर केले नाहीत.

तिची आई लॉरीन जन्मापासून लंगडत असे. आठ वर्षांची असताना व्हर्नेलने आईच्या चालीची नक्कल करणाऱ्या एका मुलाचे नाक फोडले होते. ही गोष्ट त्या तळघरात आम्हा दोघांखेरीज कोणाला ठाऊक नव्हती.

“तुझी आई अशीच चालायची ना गं?” असे म्हणून मी डावा पाय ओढीत टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो.

कोणीही हसले नाही. व्हर्नेलचे बोट ओळीवर थांबले. त्या बोटाची मूठ होईल, म्हणून मी श्वास रोखून पाहत राहिलो. तिने पान उलटले.

“पुरे,” टब्ज हळूच म्हणाले. “हिचं नाव लिहा.”

ती उठून माझ्याजवळ आली.

“डॅडी, मला पाडायलाच बघत होता ना?”

“हो.”

“उद्याच्या लोकांना आईचं काही ठाऊक नसणार. ते काय करतील मग?”

“ते मारतील, पोरी.”

तिने कानांतल्या आईच्या रिंगा काढून माझ्या तळहातावर ठेवल्या. “कोणी ओढल्या तर कान फाटतो, म्हणून घालायच्या नाहीत. तुम्ही सांभाळा.”

मी टब्जना गाठले. “उद्या तिच्या शेजारची खुर्ची मला मिळेल का?”

“वयाची काही अडचण नाही, ब्रदर. पण कोणी तिच्या केसांना हात घातला, तर तुम्ही पुस्तक वाचत बसाल?”

होय म्हणण्यासाठी मी तोंड उघडले. रिंगांचे आकडे माझ्या हातात रुतत होते, आणि मूठ काही केल्या उघडत नव्हती.