न्हाणीघरातला चंदेरी दांडा

मी एक जुना लोखंडी दांडा आहे. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, दांड्याला कसलं आलंय आयुष्य! आणि मी कुठे राहत होतो हे कळलं तर नाकही मुरडाल. तोंडवलीला सुरूच्या बनामागे 'विसावा' नावाचं म्हाताऱ्या सैनिकांचं एक घर आहे. ज्यांना एकट्याने राहणं झेपत नाही आणि ज्यांचं औषधपाणी बघायला घरी कोणी उरलेलं नाही, असे निवृत्त फौजी तिथे राहतात. त्या घराच्या न्हाणीघरात, कमोडशेजारच्या भिंतीवर मी बसवलेला होतो. उठताना धरायला. आता मुरडलेलं नाक जरा सरळ करा आणि माझी गोष्ट ऐका. ती सांगताना माझीच मान खाली जाणार आहे.

माझा जन्म मालवणातल्या वेल्डिंगच्या एका कारखान्यातला. माझं पहिलं काम मोठं रुबाबाचं होतं. एका ट्रॉलरच्या कठड्याला मी होतो. नवा खलाशी चढला की तांडेल त्याला दम भरायचा, "दांडो सोडलंस तर माशांचा जेवाण होतलंस, सांगान ठेवतंय!" छाती काढून चालणारे गडी लाट आली की मला घट्ट मिठी मारायचे आणि नंतर एकमेकांकडे बघून खुशाल हसायचे. समुद्रावर मला धरण्याची कोणाला लाज नव्हती.

पुढे ट्रॉलर म्हातारा झाला आणि वाळूवर ओढून मोडायला काढला. मी भंगारात जाणार तोच मुस्तफा काझी यांची नजर माझ्यावर पडली. मुस्तफा नौदलात इंजिनघरात काम केलेले आणि आता 'विसाव्या'त राहायला आलेले. त्यांनी मला मागून घेतलं, बेतशीर कापून दोन्ही टोकांना चकत्या जोडून घेतल्या आणि चिऱ्याच्या भिंतीत लाकडी गुट्ट्या ठोकून मला स्क्रूंनी आवळलं. मग स्वतः दोन्ही हातांनी मला लटकून म्हणाले, "हत्ती लटकलो तरी हलूचो नाय!" सगळे म्हातारे टाळ्या वाजवून हसले. त्या दिवशी मी इतका फुगलो होतो की विचारू नका.

त्यानंतर माझ्या अंगावरून कितीतरी हात गेले. बंदुका धरलेले, नांगर ओढलेले, आता कापणारे हात. त्यातला एक हात मला फार ओळखीचा झाला. तो सहदेव धुरींचा. आरोंद्याचे हे हवालदार उंचेपुरे, मिशा अजून पिळदार. बर्फातल्या एका चौकीवर त्यांच्या पायाची बोटं गेली होती. त्यामुळे उभं राहिलं की तोल जायचा. मला धरण्याआधी ते दाराची कडी दोनदा तपासायचे. कोणी बघत नाही अशी खात्री झाली की मगच हात पुढे यायचा. घरातली मदतनीस जानकी बाहेरून विचारायची, "धुरी आजोबा, येव काय?" की आतून गर्जना, "काय गरज नाय!" आणि त्याच वेळी माझ्यावरची पकड अशी घट्ट असायची की मला त्यांच्या नाडीचे ठोके जाणवायचे. जानकी बिचारी दाराबाहेर कपाळाला हात लावून उभी राहायची.

मित्रांनो, समुद्राची हवा माणसाला बरी, लोखंडाला वैरी. बाहेरून मी ठीक दिसत होतो. आत मात्र स्क्रू गंजत होते, आणि पावसाळ्यात भिंतीला ओल सुटून गुट्ट्या भुसभुशीत होत होत्या. एक दिवस मी हललो. अगदी थोडासा. माझ्यासारख्याचं सगळं मोल न हलण्यात! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुस्तफा आणि बाकीचे मला नुसता हात टेकवायचे, त्यांना काही कळलं नाही. सगळा भार टाकायचे ते धुरी, आणि त्यांना ते नक्की कळलं. हात क्षणभर थबकला, मग त्यांनी थोडा भार भिंतीवर घेतला आणि उठले. बाहेर जाऊन मात्र ब्र काढला नाही. फौजेत दुखणं अंगावर काढायची सवय लागलेली. तक्रार करणारा तो कच्चा, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

मग व्हायचं ते झालं. एका सकाळी त्यांनी भार टाकला आणि माझं वरचं टोक भिंतीतून बाहेर आलं. धुरी वॉशबेसिनच्या कडेवर आपटले आणि खाली बसले. कोपरापासून मनगटापर्यंत हात काळानिळा. मी त्यांना सोडलं होतं, मित्रांनो! आणि त्यांनी काय करावं? फरशीवर बसल्या बसल्याच तळहाताने मला परत भोकात दाबून बसवलं. जणू चूक त्यांची होती आणि मला सांभाळून घ्यायचं होतं. जानकीने हात पाहिला तेव्हा म्हणाले, "दार लागला." ती म्हणाली, "दार काय असा हातभर लागता?" पण हवालदारांपुढे तिचं काय चालणार! त्या दिवसापासून ते पूर्ण बाह्यांचे सदरे घालू लागले.

थोड्याच दिवसांत बातमी आली. जिल्ह्याहून एक अधिकारी बाई येणार आणि घर तपासणार. औषधं वेळेवर मिळतात का, जेवण चांगलं आहे का, फरशा निसरड्या आहेत का, म्हातारी माणसं पडणार नाहीत अशी सोय आहे का, हे सगळं बघणार. व्यवस्थापक गुरुप्रसाद यांनी सगळ्यांना व्हरांड्यात बसवून सांगितलं, "यात नापास झालो तर परवाना जाईल. मग तुम्हाला कुठे कुठे पाठवतील, मलाही ठाऊक नाही." त्यांतल्या बऱ्याच जणांना जायला दुसरं घरच नव्हतं.

आणि इथे या मंडळींनी अशी चूक केली, जी फक्त फौजीच करू जाणे. ही तपासणी त्यांच्यासाठी होती. त्यांनी ती स्वतःची तपासणी समजली. पलटणीत साहेब येणार म्हटल्यावर जी धांदल उडते, ती उडाली. अंगणातल्या दगडांना गेरू आणि चुना लागला. चादरी अशा ताणल्या की त्यांवर नाणं उडावं. मुस्तफांनी नळ घासून घासून लखलखीत केले. आणि त्या उत्साहात धुरींनी त्यांना हळूच सांगितलं, "मुस्तफा, तो दांडो हलता."

मुस्तफा आले. मला ओढून पाहिलं. भिंतीतून लाकडाचा भुसा आणि गंजाची पूड खाली सांडली. त्यांचा चेहरा उतरला. "हेका काढूक व्हयो. भिंत खणूक व्हयी, शिमीट भरून सुकाक ठेवूक व्हया. पण मॅडम तर फाल्या सकाळी येतली. भिंतीक भोक दिसला तर?"

धुरी म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची. तपासणी झाली की काढू."

झालं! भोकांत पुट्टी भरली, वरून मला चंदेरी रंग फासला. उद्या संध्याकाळपर्यंत दांड्याला कोणी हात लावायचा नाही, असा हुकूम सुटला. रंग वाळल्यावर मी असा चमकू लागलो की आरशाने लाजावं. वरून कीर्तन आणि आतून तमाशा! जो येई तो "वा, नवो झालो रे!" म्हणे. आयुष्यात माझं एवढं कौतुक कधी झालं नव्हतं आणि एवढी शरम मला कधी वाटली नव्हती. बोलता आलं असतं तर मी ओरडून सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी प्रियांका मॅडम आल्या. शिरोड्याची मुलगी, वयाने लहानच. म्हातारे आपापल्या खाटेशी कोट घालून, छातीवर पदकं लावून ताठ उभे. तिने एकेकाला नमस्कार केला आणि विचारलं, "इथे काही त्रास? काही तक्रार?"

"नाही, मॅडम!" सगळ्यांचा एक आवाज. भिंतीपलीकडे मलाही स्पष्ट ऐकू आला. गुरुप्रसाद यांच्या मनावरचं ओझं उतरलं असावं, कारण ते चहाचं विचारू लागले.

तिने स्वयंपाकघर पाहिलं, औषधांचं कपाट पाहिलं. मग सगळे न्हाणीघराशी आले. धुरी आणि मुस्तफा दारातच उभे राहिले. "अरे वा, किती नीट ठेवलाय दांडा!" ती म्हणाली. मुस्तफा भलतीकडेच बघत म्हणाले, "होय, मॅडम."

एवढ्यावर ती जाईल असं वाटलं होतं. पण तिने आपली पिशवी जानकीच्या हातात दिली. "बघून काय कळणार? मी स्वतः बसते आणि सगळा भार टाकून उठते. सगळीकडे असंच करते." ती कमोडच्या झाकणावर बसली. फरशी नुकतीच धुतलेली. ज्या कडेवर धुरी आपटले होते ती वॉशबेसिनची कड तिच्या डोक्याच्या बरोबर समोर. तिचा हात माझ्याकडे आला.

"हात लावू नको गो चेडवा! तो सुटतलो!"

परेडच्या मैदानावरचा आवाज होता तो. प्रियांकाचा हात जागच्या जागी थांबला. धुरी आत आले, मला धरलं आणि नुसतं खेचलं. पुट्टीचे तुकडे आणि गंज घेऊन मी अख्खाच्या अख्खा भिंतीतून बाहेर आलो. त्यांनी मला तिच्या हातात दिलं. मग कोटाची आणि सदऱ्याची बाही वर केली. डाग अजून पिवळा-जांभळा होता.

"दार लागला म्हणालात ना माका!" जानकी म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"रंग मी लावलो," मुस्तफा म्हणाले.

गुरुप्रसाद पुटपुटले, "मॅडम, मला खरंच माहीत नव्हतं." ते खरं होतं. पण आपल्याच घरातला माणूस पडतो आणि आपल्याला माहीत नसतं, हे तोंडातून बाहेर पडल्यावर त्यांचं त्यांनाच ऐकवेना. ते भिंतीला टेकून उभे राहिले. त्या एवढ्याशा न्हाणीघरात कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नव्हतं.

प्रियांकाने मला उलटसुलट करून पाहिलं. तिच्या बोटांना माझा रंग लागला. मग ती धुरींना म्हणाली, "मघाशी विचारलं तेव्हा नाही म्हणालात, आजोबा."

"तपासणीत तक्रार करणं म्हणजे पलटणीचं नाक कापणं, मॅडम."

ती एकदम घरच्या बोलीत बोलू लागली. "मी पलटण तपासूक इलंय नाय, आजोबा. तुमी हयसर सुखान रवतात काय नाय, ता बघूक इलंय. परत विचारतंय. काय त्रास आसा?"

तिने उत्तराची घाई केली नाही, दुसऱ्या खोलीकडेही वळली नाही. मला हातात धरून ती तशीच उभी राहिली. धुरींनी टाचा जुळवल्या. "मला..." त्यांनी सुरुवात केली, पण पुढचा शब्द कार्यालयात बोलायच्या मराठीत येईना.

"माका भिती वाटता," ते म्हणाले. "हयसर येवक. रोज."

शत्रूसमोर उभा राहिलेला तो माणूस. हे एवढं बोलायला त्याला म्हातारपण आलं.

"माका पण," मुस्तफा हळूच म्हणाले. मग मागे गोळा झालेल्यांपैकी आणखी कोणीतरी म्हणालं, आणि आणखी कोणी. एकाला पायरीची भीती होती, एकाला आपण हाक मारली तर कोणाला ऐकू येणार नाही याची. खरी तपासणी त्यानंतर सुरू झाली म्हणा ना.

घर बंद झालं नाही. पण पासही झालं नाही. ते न्हाणीघर त्याच दिवशी बंद केलं, सुधारणेला मुदत मिळाली, आणि पुन्हा तपासणी होऊन घर कसंबसं तरलं. गुरुप्रसाद आता दर आठवड्याला स्वतः प्रत्येक दांड्याला लोंबकळून बघतात, मग हसणारे हसोत. नवे दांडे न गंजणाऱ्या पोलादाचे आहेत. मला परत बसवलं नाही आणि ते योग्यच झालं. विहिरीमागे जळाऊ फाट्यांच्या ढिगाशी मी पडलो आहे. चंदेरी पापुद्रे सुटताहेत आणि खालचा गंज दिसतो आहे. दिसू दे. कधी कधी न्हाणीघराच्या खिडकीतून धुरींची हाक ऐकू येते, "जानकी, ये गो, माका उठव!" दार उघडंच असतं. त्यांची लाज गेली. माझी काही जात नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही आजी-आजोबा असतील. हलणारी वस्तू दिसली तर तिला रंग लावू नका, आधी काढून नीट बसवा. पण त्याहून महत्त्वाचं सांगतो. "सगळं बरं आहे ना?" असं त्यांना विचारू नका. त्याला ते "हो"च म्हणतात. तुम्हाला भीती कशाची वाटते, असं विचारा. आणि विचारून पळू नका. उत्तर यायला वेळ लागतो, तोवर तिथेच उभे राहा.