फोटोतली मधली जागा

“क्षितिजा, तू मध्ये ये. अशी. गेनाऊ, अगदी अशीच,” मुख्य संपादक हेल्गा म्हणाली, आणि म्युनिकच्या त्या दैनिकाचे सगळे विभागप्रमुख शिस्तीत बाजूला सरकले.

क्षितिजा मध्ये जाऊन उभी राहिली. शहर विभागाला हिवाळ्यापासून प्रमुख नव्हता. गाडा तीच ओढत होती आणि निर्णय आज कळायचा होता. फोटो तर फक्त प्रमुखांचा. आता आणखी काय कळायचं राहिलं?

फोटोग्राफर दिवा नीट करत होता, तेवढ्यात तिने खिडकीपाशी जाऊन नवऱ्याला फोन लावला.

“मग झालंच की,” इंगोलश्टाटहून निहार म्हणाला. “आईला सांगू?”

“थांब रे. आधी त्यांना तोंडाने म्हणू दे.”

“जर्मन माणूस कुणाला उगाच फोटोत घेत नाही. त्याचीसुद्धा टेर्मिन असते, आधी ठरवलेली वेळ.”

ती परत येऊन मध्ये उभी राहिली. तरी राहवेना.

“हेल्गा, शहर विभागाचं ठरलं का?”

“हो, कालच. टोबियास.”

टोकाला उभा असलेला टोबियास आपले बूट न्याहाळू लागला. महापालिकेची बातमी कुठून उचलायची, हे त्याला क्षितिजानेच शिकवलं होतं.

“मग मी इथे कशाला?”

“नोकरभरतीच्या पानावर टाकायचाय. नुसते आम्ही जर्मनच दिसलो तर बरं दिसत नाही ना.” हेल्गा मनाची निर्मळ. खरं बोलताना तिला कधीच जड जात नसे. “टोबियासचा वाचकांशी सूर जुळतो. योगदिनाचं पान मात्र तुझंच हं.”

वाचक म्हणजे कोण, हे कुणी विचारलं नाही. बहुधा ते हेल्गाच्या सोसायटीत राहत असावेत.

क्षितिजा रांगेतून बाहेर आली.

“अगं, दोन मिनिटांचं काम आहे.”

“प्रमुखांचा फोटो आहे, हेल्गा. प्रमुखांचाच होऊ दे.”

आवाज चढला नव्हता, म्हणून कुणाला रागावताही येईना. ती फोटोग्राफरच्या मागे जाऊन हाताची घडी घालून उभी राहिली.

“आल्झो, तर मग, मध्ये भगदाड दिसतंय,” फोटोग्राफर म्हणाला. “जरा जवळ सरका.”

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. हेल्गाचं हसू तयारच होतं. टोबियासने अर्धं पाऊल आत टाकलं, समोर क्षितिजाकडे पाहिलं, आणि पाऊल मागे घेतलं.