वाकडीचा घास

“आता बास झाले तुमचे लाड. आणा ती वाटी इकडे,” म्हणत तिने नवऱ्याच्या मांडीवरून कुत्री उचलली.

कारखान्याचा भोंगा व्हायला आला होता. शर्टांना काजं करायच्या विभागात ती कामाला होती, आणि तिथला मुकादम उशिरा आलेल्या बाईकडे असा बघायचा की जणू ती त्याच्याच घरात चोरी करून आली आहे. नवऱ्याला भरवून झालं होतं. पण वाकडीचं जेवण म्हणजे मारुतीचं शेपूट, संपता संपायचं नाही.

वाकडी मांजराएवढी होती. तिचा खालचा जबडा डावीकडे सरकलेला, जीभ सदा बाहेर लोंबणारी. नवरा शिलाई मशिनं दुरुस्त करायचा. दुकानाच्या पायरीखाली त्याला हे पिल्लू सापडलं. त्याने तोंड उघडून आत बॅटरी मारली आणि निकाल दिला, “हिचं टायमिंग हुकलंय. सुई एकीकडे, शटल दुसरीकडे. टाका पडणार कसा?” मशिनचं टायमिंग त्याला बसवता यायचं, हिचं बसण्यातलं नव्हतं. म्हणून तो तिला घरी घेऊन आला.

बशीतलं तिला खाता येईना. उचललेलं सगळं डाव्या फटीतून खाली. मग त्यानेच युक्ती काढली. हनुवटी जराशी वर धरायची, बोटावर घास घ्यायचा आणि उजव्या गालाच्या आत ठेवायचा. मग गळ्याखाली बोट टेकवून थांबायचं. गिळलेलं बोटाला लागलं की पुढचा घास. बायको कधी त्या भानगडीत पडली नाही. “तुमची लेक, तुम्हीच भरवा,” म्हणायची.

मग त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली, तोंड एका बाजूला ओढलं गेलं. दवाखान्यातल्या नर्सने बायकोला बजावून सांगितलं होतं, “मान खाली. घास डाव्या गालात. उजवीकडे गेला तर कळणारसुद्धा नाही त्यांना, सरळ श्वासात जाईल.” तिने ते पाठ करून टाकलं. मान खाली, डावा गाल. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

जाऊबाई भेटायला आल्या तेव्हा म्हणाल्या, “दोन वाकडी तोंडं झाली गं तुझ्या घरात. आणि तिसरं तुझं, कायम फुगलेलं.” त्यावर तो अर्ध्या तोंडाने हसला होता. झटक्यानंतर पहिल्यांदाच.

एकाच पातेल्यात बटाटे आणि अंडी उकडायची, कुस्करून दोन वाट्या करायच्या. एक ती त्याला भरवायची, दुसरी तो वाकडीला. डाव्या हाताने. सुरुवातीला निम्मं अंथरुणावर सांडायचं, पण हात हळूहळू शिकला. अख्ख्या दिवसात त्याला करण्यासारखं तेवढं एकच काम उरलं होतं. तिला हे कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, आणि तरी त्या सकाळी तिने वाटी घेतली.

वाकडीला काखेत दाबून तिने तिची मान खाली केली आणि घास डाव्या गालात घातला. तो खाट बडवायला लागला. पाणी हवं असलं तरी तो खाटच बडवायचा, माशी बसली तरी खाटच.

“कळलं, कळलं, लाडकी आहे तुमची. मी काय विष घालतेय तिला?”

तो बडवत राहिला. ती भराभर भरवत राहिली. वाकडीला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. तिने तिचं तोंड पुसलं, तिला त्याच्याजवळ ठेवलं आणि चपला अडकवून धावत सुटली.

संध्याकाळी ती परतली तेव्हा वाकडी खाटेखाली होती आणि तिचं पोट भात्यासारखं खालीवर होत होतं. तो खाटेच्या कडेला आडवा झाला होता, हात खाली लोंबकळत होता. वाकडीपर्यंत तो पोचत नव्हता.

जनावरांच्या डॉक्टरने छातीला नळी लावून ऐकलं. “अन्न फुप्फुसात गेलंय. भरवलं कोणी?”

“मीच.”

“कुठल्या बाजूने?”

सांगायला म्हणून तिचा हात स्वतःच्या डाव्या गालाकडे गेला आणि तिथेच राहिला. इंजेक्शनं झाली, औषध झालं. वाकडी नवऱ्याच्या मांडीवरच गेली.

त्यानंतर त्याने तोंड मिटलं. चमचा ओठांपाशी आला की दातावर दात. जाऊबाईंनी समजावलं, रागावून पाहिलं. नर्स घरी येऊन बघून गेली आणि दाराशी हळूच म्हणाली, “उद्या नाकातून नळी घालावी लागेल. आणि असंच राहिलं तर मग अवघड आहे, ताई.”

ती वाटी घेऊन खाटेवर बसली. पातेल्यात आजही त्याचं आणि वाकडीचं शिजलं होतं, हाताला सवय.

“ऐका,” ती म्हणाली. “मी तुमची बाजू तिला लावली. घाईत. तुम्ही खाट बडवत होता, मला वाटलं रुसलात. मी मारली तिला. मला काय हवं ते करा, पण तोंड उघडा हो.”

मग डावा हात उचलून त्याने वाटीत बोट बुडवलं. बोटावर घास घेतला आणि तिच्या तोंडापाशी आणला.

लग्नाला इतकी वर्षं झाली, तिला कोणी भरवलं नव्हतं. तिने तोंड उघडलं. तिच्या डाव्या दाढा कधीच काढलेल्या. ती उजवीकडेच चावायची. हे तिने त्याला कधी सांगितल्याचं तिला आठवत नव्हतं. त्याने घास उजव्या गालात ठेवला.

मग त्याने तिच्या गळ्याखाली बोट टेकवलं आणि वाट बघत बसला. हुंदका आणि घास एकाच वेळी आले. तिने आधी हुंदका आवरला, मग घास गिळला. तो गिळलेला बोटाला लागला तेव्हाच त्याने हात काढला.

आणि स्वतःचं तोंड उघडलं.

तिने चमचा भरला. घास ओठांपाशी नेऊन ती थांबली.

“मान खाली,” ती म्हणाली. “डावी. तुमची डावी.”