चतुराबाईंचा घसा

"बंद कर ते," चतुराबाई म्हणाल्या. "माझा आवाज एवढा फाटला व्हय रे धम्मा?"

धम्मपालनं गाणं मध्येच थांबवलं. क्रांती चौकाजवळच्या त्याच्या स्टुडिओत चतुराबाई कितीतरी वर्षं भीमगीतं रेकॉर्ड करायला येत होत्या. त्यांचा आवाज ‘गरम’ कसा करायचा, हे त्याच्याइतकं कुणाला जमत नसे. आवाजाच्या लाटेचा माथा हलकेच दाबून गोल करायचा, की गळा भरदार वाटतो. जास्त दाबला तर माथा सपाट छाटला जातो आणि आवाज खरखरतो. हात कुठं आवरायचा, ते कान सांगतात. आणि धम्मपालच्या कानांना हे गाणं गोडच लागत होतं.

"चांगलं झालंय की, आक्का."

"उगी समजूत नको घालू. घसा गेला माझा. यंदा जयंतीला दुसरी कोणी बघा." पदर सावरत त्या जिना उतरून गेल्या.

शेजारच्या कॉम्प्युटरवर निशा बसली होती. स्टुडिओचं निम्मं काम आता तीच बघायची. तिनं ते गाणं पडद्यावर मोठं करून दाखवलं. लाटांचे माथे विळ्यानं कापल्यासारखे एका रेषेत छाटले गेले होते.

"दादा, मूळ रेकॉर्डिंग एकदम साफ आहे. ही खरखर आपण घातलीय."

"मला तर ऐकूच आली नाय."

निशा खाली बघत म्हणाली, "तुम्ही घरी गेल्यावर मी गाणी दुरुस्त करून पाठवत होते. हे गाणं राहून गेलं."

धम्मपालनं कानावरून हात फिरवला. उभी हयात मोठ्या आवाजात काढली होती.

"फोन करते त्यांना," निशा म्हणाली. "मशीन बिघडलं होतं, असं सांगते."

"सांग," तो म्हणाला. तिनं फोन उचलला आणि त्यानं तिचा हात धरला. "राहू दे. मीच जातो."

चतुराबाई बसस्थानकावर देवगाव रंगारीच्या गाडीची वाट बघत बाकावर बसल्या होत्या. तो शेजारी बसला.

"आक्का, तुमचा घसा शाबूत हाय. माझे कान गेलेत. आवाज मी फाडला."

त्यांनी मांडीवरची पिशवी बाजूला ठेवली. "घरी ठाऊक हाय?"

"नाय. तुम्हालाच पहिलं सांगतोय."

"मग तुझं पोट कशावर चालायचं रे?"

गाडी लागली, माणसं चढली. चतुराबाई उठल्या नाहीत. गाडी निघून गेली तेव्हा पिशवी त्याच्या हातात देत म्हणाल्या, "चल. गाणं तर पुरं करू."

स्टुडिओत आल्यावर धम्मपालनं आपली खुर्ची निशाला दिली. ती बिचकली, पण बसली. त्यानं एक स्टूल ओढलं आणि स्पीकरकडं पाठ करून, चतुराबाईंच्या समोर तो बसला.

गाणं सुरू झालं. निशा आवाज थोडा दाबी, थोडा सोडी. धम्मपालला सगळं सारखंच वाटत होतं. तो चतुराबाईंच्या चेहऱ्याकडं बघत होता. कपाळावरची आठी हळूहळू सैल झाली, डोळे मिटले, ओठ गाण्याबरोबर हलू लागले.

त्यानं मागं न बघता हात वर केला.

"बास, निशा. हितंच ठेव."