अतिदक्षता विभागातला बांध

तीर्थपुरीच्या बद्रीनाथ आबांचा डेंग्यूचा ताप उतरला आणि घरच्यांनी पिशव्या भरायला घेतल्या. तेव्हा जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, की ताप गेला खरा, पण जाता जाता हृदयाला सूज देऊन गेलाय. ठोके फार मंद पडलेत. बहुतेकांचं हे आपोआप सुधारतं, पण तोवर पडून राहायचं आणि बोलायचं बिलकुल नाही. आबांनी सगळी हयात गावाचे तंटे मिटवण्यात घालवली होती. सुया आणि सलाईन त्यांनी मुकाट सोसलं होतं. बोलण्याची बंदी ऐकून मात्र त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी रखमाजी आणि कडूबा हे चुलतभाऊ भेटायला आले. त्यांचा बांधाचा वाद आबांपुढं अर्धाच राहिला होता. आबांच्या पत्नी उषाबाई यांनी दोघांना दारातच बजावलं, की नुसतं बघायचं आणि निघायचं. दोघांनी मान डोलावली, उशाशी एक शहाळं ठेवलं आणि विषय काढला.

"आबा, यानं माझं चार हात रान दाबलं," रखमाजी म्हणाला.

तेवढ्यात उशाजवळचं यंत्र वाजायला लागलं. ठोके ठरलेल्या आकड्याखाली गेले की ते वाजायचं. शेतीतलं त्याला काही कळत नव्हतं. रखमाजीचा चेहरा मात्र उतरला.

"तीन असंल," तो म्हणाला. यंत्र वाजतच राह्यलं.

"खरं बोल की," कडूबा हळूच म्हणाला. "माणूस मारतू का काय?"

"दोन. दोनच हात, आबा."

यंत्र गप्प झालं. मग कडूबानं आपण इंचभरही सरकलो नसल्याचं सांगायला तोंड उघडलं, तर पुन्हा गजर. नांगर जरा तिकडं गेल्ता, हे त्यानं लगेच कबूल केलं. मग दोन हात रान परत द्यायचं आणि मधे दगड रोवायचे, असं ठरवून दोघं मोकळे झाले.

आबांच्या मनात याहून सरस निवाडा तयार होता. त्यात जुनी बाभूळ होती, दोन साक्षीदार होते, शेवटी जेवण होतं. ते सगळं गिळून ते पडून राह्यले, आणि त्या रागानं की काय, यंत्र पुन्हा वाजलं नाही. संध्याकाळी डॉक्टरांनी आकडा बघून समाधान व्यक्त केलं. आराम चांगला लागू पडतोय, म्हणाले.

चार-पाच दिवसांत ठोके सरळ झाले, बोलायची परवानगी मिळाली. भाऊ पुन्हा आले, आबांच्या तोंडून होकार ऐकायला. खिडकीतून आबांना ते दिसले होते. एकाच मोटारसायकलवर आल्ते, कडूबा मागं बसून.

आबांनी बाभळीसाठी तोंड उघडलं. मग ते मिटून घेतलं.

"बराबर केलं," ते म्हणाले आणि कुशीवर वळले.

"आता परवानगी हाय तर दोनच शब्द?" उषाबाईंनी विचारलं.

आबा घोरायला लागले होते.