पहिल्या नंबराच्या वरची ओळ

विषय : कु. निशिगंधा सहदेव पेरणे, रा. भिवपुरीजवळ, ता. कर्जत, हिच्या अकरावी (विज्ञान) प्रवेशासाठी कॉलेजांचा पसंतीक्रम ठरवणेबाबत.

संदर्भ : १) दहावीची गुणपत्रिका, ८४ टक्के. २) श्री. नागूतात्या पेरणे यांचे वेळोवेळचे तोंडी आदेश. ३) कु. निशिगंधा हिचे मत (कोणी मागवलेले नाही).

महोदय,

उपरोक्त विषयी मी बोलतोय. मी एक पाठकोरा कागद. म्हणजे माझी एक बाजू कचेरीने वापरली आणि दुसरी बाजू वापरायची तिला आठवण राहिली नाही.

कर्जतच्या एका कचेरीत माझ्या अंगावर परिपत्रक छापलं गेलं : ‘कार्यालयीन कामकाजात कागदाचा वापर कमी करणेबाबत.’ त्याच्या साठ प्रती काढल्या. कचेरीत माणसं अकरा. उरलेल्या एकोणपन्नास प्रतींत मी होतो. तीन वर्षं आम्ही कपाटावर पडून कागदाचा वापर कमी करत होतो.

त्या कचेरीतला शिपाई सहदेव पेरणे, निशिगंधाचा बाप. साहेबांना विचारून त्याने मला एकट्याला घरी नेलं, कारण मुलीने एकच कागद मागितला होता. असा हिशोबी माणूस कचेरीत शिपाई असतो आणि साठ प्रती काढणारा साहेब असतो, याबद्दल माझी काही तक्रार नाही. मी नोंद तेवढी करतो.

निशिगंधाने माझ्या कोऱ्या बाजूवर पट्टीने दहा ओळी आखल्या. ऑनलाइन अर्जात दहा कॉलेजं पसंतीच्या क्रमाने भरायची असतात. तिने प्रत्येक ओळीपुढे दोन रकाने पाडले. एकावर लिहिलं ‘अभ्यास’, दुसऱ्यावर ‘माणसं’. कॉलेजं मुलांचे मार्क बघून त्यांना घेतात. ही मुलगी कॉलेजांना मार्क देणार होती. मला ती तेव्हाच आवडली.

गुणपत्रिकेच्या फाइलमध्ये बसून मीही तिच्याबरोबर कॉलेजं बघायला गेलो. बापलेक आधी कल्याणकडच्या एका मोठ्या कॉलेजात गेले. इमारत सहा मजली, जिना रुंद. प्रयोगशाळेच्या दारातून पाहिलं तर एका सूक्ष्मदर्शकाभोवती नऊ मुलं होती. बघत एकच होता, बाकीचे त्याच्या मानेकडे पाहत होते. चौकशीच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, “कुठून आलीस?” निशिगंधा म्हणाली, “भिवपुरीवरनं.” ती म्हणाली, “तिकडे लाइट असते का गं?” शेजारच्या दोघी हसल्या. निशिगंधाने मान खाली घातली आणि फाइलची चेन तीनदा उघडून तीनदा लावली. मला आत वारा लागला.

तिने मला मांडीवर घेतलं. अभ्यास : सहा. माणसं : दोन.

दुसऱ्या दिवशी कर्जतला गाडी बदलून खालापूर तालुक्यातल्या एका लहान कॉलेजात. इमारत दुमजली, गिलावा जागोजाग सुटलेला. निशिगंधाने काडेपेटीतून भाताचा खोडकिडा आणला होता. असली वस्तू घेऊन प्रवेशाची चौकशी करायला कोणी जात नाही. जीवशास्त्राच्या मॅडमनी काडेपेटी उघडली, किडा भिंगाखाली ठेवला आणि तिलाच आधी बघायला सांगितलं. तिने विचारलं, “हा खोडाच्या आत शिरल्यावर श्वास कसा घेतो?”

“नक्की नाही सांगता येणार. आलीस इथे तर बघू आपण,” मॅडम म्हणाल्या.

कॅन्टीनमध्ये बाकावरच्या मुली न सांगता सरकल्या. एकीने वडापावचा अर्धा तुकडा पुढे केला आणि विचारलं, “तुज्या पेटीत काय हाय गं?” निशिगंधाने सांगितलं. मुलीने तुकडा मागे घेतला, मग हसत परत दिला. पुढे वीस मिनिटं निशिगंधाच बोलत होती. सहदेव बाहेर उभा राहून ऐकत होता. घरी ही मुलगी दिवसाला वीस वाक्यंही बोलत नाही.

अभ्यास : आठ. माणसं : नऊ. आणि पहिल्या ओळीत पेन्सिलीने खालापूरचं कॉलेज.

इथे प्रकरण निकाली निघायला हवं होतं. पण रविवारी घरची माणसं जमली.

पेरण्यांच्या घरात दहा नावं एकाखाली एक लिहायचा प्रसंग येतो तो लग्नाच्या पत्रिकेत. त्यामुळे दहा ओळी दिसताच सगळ्यांनी मला पत्रिका समजून हातात घेतलं. नागूतात्या म्हणजे सहदेवचे थोरले चुलते, वय एकाहत्तर. त्यांनी कल्याणचं कॉलेज सुचवलं.

“त्या बिल्डिंगचा जिना माज्या हातचा हाय,” तात्या म्हणाले. “चाळीस वरसं झाली. अजून तडा नाय.”

आता तात्यांनी सुचवलेलं कॉलेज खाली कसं घालणार? ते पहिल्या ओळीत गेलं. आत्या मानाने दुसरी. तिच्या सासरच्या गावाजवळचं कॉलेज दुसरं. तिसरे राजेशमामा. त्यांनी एका कॉलेजची शिफारस केली, कारण तिथे गाडी लावायला जागा प्रशस्त आहे. निशिगंधाकडे सायकल आहे. पुढे चुलते, मोठे जावई, शेजारचे गुरुजी. अभ्यास आणि माणसं हे रकाने खोडून तिथे सुचवणाऱ्यांची नावं आली. खालापूर खोडरबराबरोबर एकेक पायरी उतरत दहाव्या ओळीत पोचलं. पत्रिकेत शेवटी ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी चिल्लीपिल्ली असतात, ती जागा.

“राहिलं ना यादीत?” आत्या म्हणाली. “मग झालं तर.”

निशिगंधाने पट्टी उचलून ठेवली. सहदेवने मला फाइलमध्ये घातलं. तीस वर्षं शिपाईपण केल्यावर माणूस कागद इकडून तिकडे नेतो, त्यावर मत देत नाही.

सोमवारी दहिवलीच्या अर्ज भरण्याच्या केंद्रात यज्ञेश नावाच्या तरुणाने मला संगणकाशेजारी टेकवलं. पहिली ओळ टाइप करताना तो म्हणाला, “चौऱ्याऐंशी टक्के? हे पहिलंच लागेल हिला.”

“लागू दे की,” सहदेव म्हणाला. “मग नंतर दहावं घेऊ.”

यज्ञेशने हात थांबवला. “असं नाय होत काका. पयल्या नंबरचं लागलं तर घ्यावंच लागतं. नाय घेतलं तर पुढच्या फेऱ्या बंद. दहाव्यापर्यंत मशीन येतच नाय. तुमाला नक्की कुठलं पायजे?”

हा प्रश्न माझ्या अंगावर दहा नावं असताना पहिल्यांदाच कोणी विचारला. सहदेवने निशिगंधाकडे पाहिलं. ती माझ्या दहाव्या ओळीकडे पाहत होती.

“भरू नको,” सहदेव म्हणाला. “उद्यापर्यंत मुदत हाय ना? उद्या येतो.”

संध्याकाळी तिघे तात्यांच्या ओटीवर : सहदेव, निशिगंधा आणि मी. तात्या ऐकून घेऊन म्हणाले, “म्हंजे माजं नाव खोडायला आलाव.”

सहदेव जमिनीकडे पाहू लागला. बोलली ती निशिगंधा.

“तात्या, तुमचा जिना चांगला हाय. मी चढले. पण वरती कोण माज्याशी बोललं नाय. एक बोलली, ती म्हणली तुमच्याकडं लाइट असते का.”

“भिवपुरीला लाइट?” तात्या ताठ बसले. “आगं, आपल्या पावरहाऊसची लाइट जाते म्हणून त्यांचे पंखे फिरत्यात. सांगायचं नायस?”

“तिथं सुचलंच नाय.”

“आणि त्या खालापूरला सुचतं?”

“तिथं सुचतं.”

जिना बांधणाऱ्या माणसाला, चढून वर गेल्यावर माणूस मुका होतो ही तक्रार नवी होती. त्यांनी मला हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. पण माझी पहिली ओळ काही त्यांच्याने सोडवेना.

“राजेश म्हणंल, म्हाताऱ्याला उतरवला,” ते म्हणाले.

आतून त्यांच्या बायकोचा, जयवंताकाकींचा आवाज आला. “पत्रिकेत पयलं नाव कुनाचं असतं वो?”

“थोरल्याचं.”

“आणि त्याच्या वरती?”

“वरती कुलदैवत प्रसन्न.”

“मग तिथं जाऊन बसा की. एवढा मान पायजे तर एका नंबरात कशाला अडकून राह्यलाव?”

तात्यांनी यावर बराच विचार केला. कचेरीत अशा विचाराला तीन बैठका लागतात. तात्यांनी एका चहात आटपला. मग निशिगंधाने माझ्या डोक्यावर, पहिल्या ओळीच्याही वर, पेनाने लिहिलं : ‘आशीर्वाद : श्री. नागूतात्या पेरणे.’ तात्यांनी ते दोनदा वाचून घेतलं. त्यानंतर खोडरबर स्वतः मागितलं, पण पहिली ओळ खोडायला ते तिच्याकडे दिलं आणि तेवढा वेळ ते गोठ्याकडे पाहत राहिले.

खालापूर पहिलं. कल्याण दुसरं. बाकीचे एकेक उतरले. राजेशमामांना अद्याप कळवलेलं नाही.

मंगळवारी यज्ञेशने अर्ज भरला. वरची ओळ पाहून तो म्हणाला, “काका, हा आशीर्वाद कुठल्या रकान्यात टाकू? इथं जागाच नाय.”

“तो कागदावरच राहू दे,” सहदेव म्हणाला.

म्हणून मी शिल्लक आहे. एरवी माझी रवानगी चुलीत व्हायची. तात्यांनी मला ओटीवरच्या आरशाच्या चौकटीत खोचलं आहे, परिपत्रकाची बाजू भिंतीकडे. येणाऱ्या प्रत्येकाला ते सर्वांत वरची ओळ दाखवतात. खालच्या दहा ओळी वाचू लागणाऱ्याला चहा विचारतात.

माझ्या खोडलेल्या जागा आता पातळ झाल्या आहेत. दहावी ओळ उजेडात धरली तर आरपार दिसते. तिथून खालापूर वर गेलं तेव्हा निशिगंधाने खोडरबर जरा जोरातच चालवलं होतं.

माझी विनंती मोठी नाही. कचेरीच्या कपाटावर माझी अठ्ठेचाळीस भावंडं अजून पडून आहेत. ज्या घरात दहावीचं पोर आहे त्यांनी एकेक न्यावं, पोराला पेन्सिल द्यावी आणि निदान दोन दिवस कागदाकडे बघू नये. ज्यांना मान द्यायचा असेल त्यांच्यासाठी वर जागा भरपूर आहे. ती मी स्वतः वापरून पाहिली आहे.

सद्यःस्थिती : निशिगंधा रोज सकाळी सहदेवच्या मोबाइलवर यादी लागली का ते बघते. खोडकिड्याची काडेपेटी तिने फळीवर ठेवली आहे. आत किडा दुसरा आहे. पहिला यादीची वाट बघतच गेला. पहिल्या फेरीची यादी आज दुपारपर्यंत लागलेली नाही. अर्ज प्रलंबित आहे.