धवळी आणि माझा मिठाचा खड्डा

मित्रांनो, मी एक जुना वीजरोधक आहे. घाटंजीजवळच्या एका बंजारा तांड्यात, शाळेच्या स्लॅबवर, चौदा वर्षे मान ताठ करून उभा आहे. माझ्या टोकापासून तांब्याची पट्टी भिंतीवरून खाली उतरते आणि मैदानाच्या कोपऱ्यातल्या खड्ड्यात, तांब्याच्या जाड पत्र्याला जोडलेली आहे. लोकांना वाटते, वर दिसतो तेवढाच मी. खरे तर माझी अर्धी अब्रू जमिनीत पुरलेली आहे.

मला बसवले ते याच तांड्यातल्या नेमसिंग वायरमनने. ओल्या, खाऱ्या मातीतून वीज सहज वाहते, म्हणून त्याने खड्ड्यात कोळसा आणि मीठ यांचे थर भरले. यंदा उन्हाळ्यात त्याने पुन्हा मीठ घातले आणि उरलेले वरच पसरून दिले. घोटाळा तिथेच झाला.

शाळेला लागूनच हिरासिंगांचे घर. त्यांची धवळी गाय धार काढताना भारी लाथाळ. एकदा ती सुटून माझ्या खड्ड्यावर आली, माती चाटू लागली आणि एकदम शहाणी झाली. हिरासिंगांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर हिंडलेले. जनावराला मीठ किती प्यारे, हे त्यांना कोण शिकवणार! त्यांनी धार काढायला तिथेच खुंटा ठोकला. खरे सांगतो, मलाही बरे वाटले. इतक्या वर्षांत माझ्याजवळ कुणी फिरकले नव्हते. पण मनात धाकधूक होती आणि मला तोंड नव्हते.

ती धाकधूक बोलून दाखवली नेमसिंगने. भादव्यात तो माझे नटबोल्ट तपासायला आला, खुंटा पाहून त्याने कपाळावर हात मारला आणि भोवती जमलेल्या पोरांना समजावले, "ढगाच्या पोटात बर्फाचे कण घासतेत. त्यानं खालच्या अंगाले ऋण भार साचते. त्याच्या ओढीनं जमिनीत धन भार गोळा होते. मंग ढगातून एक वाट थांबत थांबत खाली येते, अन् ह्या टोकावरून बारीक ठिणगी वर जाते. दोघी भेटल्या का धाडकन प्रवाह सुरू! हजारो अँपिअर, डोळ्याचं पातं लवायच्या आत. पट्टीतून खाली येते अन् इथून चहूकडं मातीत पसरते. खड्ड्याजवळ जोर जास्त, दूर गेलं का कमी. गाईचे पुढचे पाय इथं अन् मागचे तिथं. दोन्हीकडचा जोर येगळा, म्हणून वीज एका पायातून चढते अन् दुसऱ्यातून उतरते. अन् मधात गाईचं काळीज!"

हिरासिंगांची नात बबिता पाचवीत आहे. तिने घरी जाऊन हे जसेच्या तसे सांगितले. हिरासिंग हसले. "आमच्या बापजाद्यानं मीठ वाह्यलं, अन् तू मले मीठ शिकवतं का वं?"

बबिताने आजीकडून, रुपीबाईकडून, खडेमीठ मागून घेतले आणि फडक्यात बांधून गोठ्यातल्या गव्हाणीवर टांगले. धवळी दोन दिवस ते चाटत राहिली.

तिसऱ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आले. सोयाबीन सोंगणाऱ्या बाया विळे टाकून शाळेत शिरल्या. गडगडाटाने धवळी बिथरली, दावे तोडू लागली. हिरासिंगांना आठवला माझा खड्डा. ते तिला ओढत निघाले, तशी बबिता गोठ्याच्या दारातच दाव्याला लोंबकळली.

"सोड वं! तिथं उभी राह्यली का शांत राह्यते थे."

"मंग मलेही तिथंच बांधा, दादा!" बबिता रडत ओरडली. तांड्यात आजोबांना दादा म्हणतात.

म्हातारे थबकले. दाव्याला पीळ देत धवळीला पुन्हा गोठ्यात घेऊन गेले.

तेवढ्यात माझ्या टोकाशी सरसर झाली. सगळे अंग पेटल्यासारखे झाले. वीज माझ्यातून उतरली, मिठाच्या मातीतून पसरली आणि विरून गेली. शाळेतल्या बायांच्या केसालाही धक्का लागला नाही. चौदा वर्षे मी याच एका क्षणासाठी उभा होतो. मला फार बरे वाटले.

पाऊस ओसरल्यावर हिरासिंग बबिताला घेऊन आले. खुंटा उभा चिरला होता, आतून काळा पडला होता. मातीत धवळीच्या खुरांचे जुने ठसे तसेच होते. ते पाहून हिरासिंग बबिताच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "मिठाचं अर्धंच मले मालूम होतं वं."

आता माझ्या खड्ड्याभोवती बाभळीच्या काट्यांचे कुंपण आहे. मित्रांनो, तुमच्या शाळेवर माझा कुणी भाऊबंद असेल, तर आभाळ आल्यावर त्याला टेकू नका, त्याच्या पट्टीवर कपडे वाळत घालू नका. आणि त्याची पट्टी खाली मातीपर्यंत पोचते की नाही, हे मोठ्यांना पाहायला लावा. वरून चकाकणारा पण खालून तुटलेला वीजरोधक कुणाला वाचवत नाही.

माझी चिंता मिटली आहे. माती कोरडी पडली की हिरासिंग बादली घेऊन येतात. आधी काट्यांपलीकडून माझ्या खड्ड्यात पाणी ओततात, आणि उरलेले धवळीला पाजायला नेतात.